परमुलखांतील ईद

आपल्या गांवीं ईद साजरी करणें सोपें आहे. परमुलखांत मात्र पहिला प्रश्न पडतो तो, ईद कोणत्या दिवशीं, हा. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें; त्यामुळें ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, आणि निर्णय चंद्रदर्शनावर राहतो. शेजारीं मशीद असली म्हणजे हा विचार करावा लागत नाहीं.

एकाकी परदेशस्थाची ही अडचण जुन्नरनें फार पूर्वीं पाहिली आहे. मात्र तो परदेशस्थ मुसलमान नसून ख्रिस्ती होता. रशियांतील त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या सुमारास, बहामनी अमदानींत, विकावयाचा एक घोडा घेऊन चौलाहून जुन्नरास आला व पावसाळ्यांत दोन महिने तेथें राहिला. तेथील खानानें घोडा हिरावून घेतला आणि इस्लाम स्वीकारण्यास चार दिवसांची मुदत दिली. तेव्हां खोरासानहून आलेल्या मुहंमद नांवाच्या मुसलमान गृहस्थानेंच मध्यस्थी केली. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला.

पण सण कसे पाळावे? धर्मग्रंथ वाटेंतच लुटले गेले होते. ईस्टर केव्हां येतो तें कळेना. अखेर भोंवतालच्या लोकांच्या ईदेवरून त्यानें अंदाज बांधला, कीं आपला सण तिच्याआधीं नऊ-दहा दिवस येतो. एकदां महिनाभर त्यानें मांस वर्ज्य केलें व दोन वेळ नुसती रोटी आणि पाणी घेतलें. उपवास एकट्यानें करतां येतो. सणाचें जेवण एकट्यानें होत नाहीं.

आज जुन्नर-आंबेगांवकडील एखादें मुसलमान कुटुंब इंग्लंडांत राहात असेल, तर त्याला ईदेचा दिवस सहज कळतो. पदार्थांचीही फारशी वाण नाहीं. उन्हाळ्यांत घरीं वळून वाळविलेल्या शेवया डब्यांत भरून नेतां येतात. खारीक, चारोळी, तूप मिळतें. शिवाय शीरखुर्मा हा नांवानें तरी प्रवासीच: ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर, हे दोन्ही शब्द फारसी.

मग उणीव कशाची? ईदेच्या नमाजापूर्वीं फित्रा द्यावयाचा असतो. धान्य किंवा त्याचें मोल गरिबाच्या घरीं जावें, त्या दिवशीं कोणी उपाशी राहूं नये, हा त्याचा हेतु. नमाजानंतर शीरखुर्म्याच्या वाट्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात, आणि दिवाळींत त्याच घरांतून फराळाचें ताट परत येतें. फित्र्याची रक्कम दुरूनही पाठवितां येते. वाटीला मात्र जवळचें दार लागतें. परमुलखांत तें नव्यानें शोधावें लागतें, आणि अनोळखी शेजारणीला वाटींत काय आहे हें समजावून सांगावें लागतें.

निकितिन स्वगृहीं पोहोंचलाच नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा अंत झाला. त्याला जुन्नरांत एक मध्यस्थ भेटला होता. आपल्याही शहरांत घरापासून दूर राहिलेलीं माणसें आहेत. त्यांच्या सणाचा दिवस आपण आधीं विचारून ठेवावा, आणि त्या दिवशीं त्यांची वाटी आली तर ती आनंदानें घ्यावी.