भंगार नव्हे, ऑसिलोस्कोप



आपल्या निधीतून शाळेला जुना ऑसिलोस्कोप घेऊ या, असं मी सुचवलं तेव्हा ‘भंगार कशाला?’ असा प्रश्न आला. एसी विजेची लाट आपण फळ्यावरून वहीत उतरवली. ती पडद्यावर हलताना मी पाहिली थेट इंजिनिअरिंगला गेल्यावर, आणि आपल्यातल्या अनेकांनी ती कधीच पाहिली नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार इथे वापरलेली उपकरणं मिळतात. 20 मेगाहर्ट्झचा, काचेच्या नळीचा स्कोप आपल्याला भरपूर झाला. घरातली वीज 50 हर्ट्झचीच. (ती प्लगमधून थेट जोडायची नाही, 6 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून पाहायची.)

दुकानात अर्धा तास चालू ठेवून बघायचं. प्रोब ‘कॅल’च्या खुंटीला लावला की स्वच्छ चौकोनी लाट दिसली पाहिजे. बटण फिरवताना रेघ उडत असेल तर चालेल, साफ केल्यावर ते बहुधा सुधारतं. रेघच अंधूक असेल तर नळी थकलेली. कितीही स्वस्त असो, घ्यायचा नाही. झाकण मात्र मुलांनी उघडू नये, बंद केल्यावरही आत घातक व्होल्टेज राहू शकतं.

यवतमाळला पार्सलनं नको. गाडीनं येणाऱ्या कुणीतरी गोधडीत गुंडाळून आणावा.