मोटारींतील तिसरा प्रवासी

मनुष्य नव्या मुलुखांत बिऱ्हाड हलवूं लागला, म्हणजे बरोबर काय न्यावें आणि मागें काय ठेवावें, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. भांडींकुंडीं, अंथरुणें-पांघरुणें यांचा निकाल लवकर लागतो. पण दाराशीं शेपटी हालवीत उभ्या असलेल्या कुत्र्याचें काय करावयाचें, हें ठरविणें जिवावर येतें. अमेरिकेच्या मोटार-रस्त्यांच्या इतिहासांत हा मुका प्रवासी दोन अगदीं भिन्न प्रसंगीं दिसतो.

पहिला प्रसंग इ. स. १९०३ चा. होरेशिओ नेल्सन जॅक्सन हे व्हरमाँट संस्थानांतील डॉक्टर. क्षयाच्या विकारामुळें त्यांना वैद्यकीचा धंदा सोडावा लागला होता. वय अवघें ३१. सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका क्लबांत, मोटार म्हणजे केवळ चार दिवसांचें खेळणें, असा सूर निघाला. जॅक्सन यांनीं ९० दिवसांचे आंत मोटारीनें न्यूयॉर्कला पोहोंचण्याची ५० डॉलरांची पैज मारली. त्या घटकेस त्यांच्यापाशीं स्वतःची गाडीही नव्हती! सेवाल क्रॉकर हा तरुण यंत्रज्ञ सोबतीस घेऊन, २० अश्वशक्तीच्या एका वापरलेल्या विंटन गाडींतून ते २३ मे रोजीं निघाले.

शहरांबाहेर पक्का रस्ता क्वचितच आढळे. ओढ्यांत रुतलेली गाडी कप्पी आणि दोर लावून ओढावी लागे. एका स्त्रीनें तर घरच्या मंडळींना मोटार पाहावयास मिळावी, एवढ्याचसाठीं त्यांना भलती वाट दाखविली. शंभरांहून अधिक मैलांचा हेलपाटा पडला. आयडाहो संस्थानांत जॅक्सन यांनीं १५ डॉलरांस एक बुलडॉग विकत घेतला. त्याचें नांव बड. गाडीला ना छप्पर, ना पुढें कांच. खाऱ्या धुळीनें बिचाऱ्याचे डोळे चुरचुरत, म्हणून त्यालाही धन्यासारखा धुळीचा चष्मा चढविण्यांत आला. सबंध प्रवासांत एकही अपशब्द न उच्चारणारा तिघांत तोच एक, असें जॅक्सन थट्टेनें म्हणत. गांवोगांवीं लोक या त्रिकूटाच्या स्वागतास जमूं लागले. २६ जुलै रोजीं, ६३ दिवसांहून किंचित् अधिक काळानें, गाडी न्यूयॉर्कला पोहोंचली. खर्च सुमारें ८,००० डॉलर झाला. पैजेचे ५० डॉलर मात्र जॅक्सन यांनीं कधींच वसूल केले नाहींत. पुढें १९४४ सालीं त्यांनीं ती गाडी स्मिथसोनियन संस्थेला अर्पण केली.

दुसऱ्या प्रसंगांत पैज नव्हती. १९३० नंतरच्या दशकांत अवर्षण, धुळीचीं वादळें, पडलेले बाजारभाव आणि कुळांना शेतावरून हुसकणारा ट्रॅक्टर यांनीं ओक्लाहोमा, टेक्सास इत्यादि संस्थानांतील लक्षावधि लोकांना घराबाहेर काढलें. जुनाट मोटारींवर गाद्या-भांडीं बांधून, १९२६ सालीं आंखलेल्या ६६ क्रमांकाच्या राजमार्गानें हजारों कुटुंबें कॅलिफोर्नियाकडे वळलीं. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरींतील कुटुंबही आपला कुत्रा बरोबर घेतें. परंतु पहिल्याच मुक्कामाआधीं तो भरधांव मोटारीखालीं चिरडतो. नव्या आयुष्याचें मोल किती जबर असणार, याची ती पहिली खूण होय.

या लोकांच्या स्वागतास वाजंत्री नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्यें लॉस एंजल्सच्या पोलिसप्रमुखांनीं निर्धन प्रवाशांस परतविण्यासाठीं १३६ शिपाई संस्थानाच्या सीमांवर धाडले. निर्धन मनुष्यास जाणूनबुजून संस्थानांत आणणें हा तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें गुन्हाच होता. फ्रेड एडवर्ड्स नांवाच्या गृहस्थानें टेक्सासमधून आपल्या बेकार मेहुण्यास मोटारींत घालून आणलें, एवढ्यावरून त्याला सहा महिन्यांची शिक्षा ठोठावण्यांत आली. अंमल तेवढा तहकूब राहिला. प्रकरण वरिष्ठ न्यायालयांत गेलें. २४ नोव्हेंबर १९४१ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा एकमतानें रद्द ठरविला.

रस्ता दगडामातीनें बांधून होतो. पण तो सर्वांचा होण्यास आणखी कांहीं लागतें. संस्थानामागून संस्थान ओलांडीत जाण्याची जी मोकळीक १९०३ सालीं १५ डॉलरांच्या बडला सहज लाभली, ती दरिद्री माणसाला मिळवून देण्यास ३८ वर्षें आणि एक सर्वोच्च न्यायालय लागलें.