यंत्राची हजेरी आणि कामाचा हक्क

(जव्हार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणाच्या नोकऱ्या जाणार, याची चर्चा सध्या पुण्या-मुंबईत जोरात आहे. संगणकापुढे बसणाऱ्यांची ती चिंता खोटी नाही. परंतु दिवाळी होताच घरांना कुलपे लावून जी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या गाठतात, त्या जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, कातकरी मजुरांचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. शहरातले पगार आटले की घरे बांधणे मंदावते. बांधकाम मंदावले की वीट खपत नाही आणि वीट खपली नाही की भट्टीवरची उचल बंद होते. साखळी थेट मोखाड्याच्या चुलीपर्यंत येते.

अशा वेळी आधार उरतो तो रोजगार हमीचा. आणि नेमके तेथेच यंत्र मुकादम होऊन बसले आहे. मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलच्या ॲपवर हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र, स्थळाच्या नोंदीसह. छायाचित्र चढले नाही, तर चर खणून झाला तरी दिवस कोरा राहतो. हजेरीपटावर अंगठा उठवणाऱ्याला निदान मुकादमाशी भांडता येत असे. सर्व्हरशी भांडायला कोणाच्या ओट्यावर जायचे? बरे, चोरी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की, मजुरांऐवजी छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. ती तपासायला पुन्हा माणसेच लावावी लागली! तरीही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो कायदा संमत केला, त्यात नियोजन, तपासणी आणि लबाडीचा शोध यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची तरतूद आहे. दिवस १०० ऐवजी १२५ आहेत. पण शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची सोय आहे आणि खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला आहे.

हा पैसा आणायचा कोठून? उत्तर आपल्याच इतिहासात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले. तो कर आजही पगारातून कापला जातो आणि त्यामुळे मुंबई काही ओस पडली नाही. मग माणसे कमी करून यंत्रांच्या बळावर ज्या कंपन्यांचा नफा फुगेल, त्यांच्यावर हमीच्या कामासाठी कर का नको? ही मागणी आपल्या पक्षाने विधिमंडळात आणि रस्त्यावर मांडली पाहिजे.

दुसरी मागणी इथली आहे. रेंज नसलेल्या पाड्यावर कागदी हजेरीपट ग्राह्य धरावा आणि हजेरीचा वाद ग्रामसभेत सुटावा; यंत्राचा पुरावा अंतिम मानू नये. तोवर कार्यकर्त्यांनी भातकापणीपूर्वीच पाड्यापाड्यावर जाऊन कामाच्या मागणीचे अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येक अर्जाची दिनांकित पोच हाती घ्यावी. दिवाळीनंतर अर्ज घेऊन जाल, तर घराला कुलूप असेल.