इंजिनाचा श्वास

ट्रॅक्टरला तासाला किती डिझेल लागते, हे कोणताही शेतकरी चटकन सांगेल. पण त्याच तासाभरात ट्रॅक्टर हवा किती ओढतो, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. हवा फुकट मिळते, तिचा हिशेब कोण ठेवणार? आज तो हिशेब मांडू या. कारण इंजिनाचे काम अवेळी का निघते, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच असते.

अडीच लिटरचे, म्हणजे २५०० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घ्या. ते मिनिटाला २००० फेरे घेत आहे. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. म्हणजे मिनिटाला १००० वेळा अडीच लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून थोडी घट धरली तरी मिनिटाला २००० लिटर, तासाला १,२०,००० लिटर हवा झाली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. म्हणजे हे इंजिन तासाला अशा चार खोल्या रिकाम्या करते, आठ तासांच्या पाळीत चौतीस! टर्बो असेल तर आणखी जास्त.

रस्त्यावरची मोटार ही हवा त्यामानाने स्वच्छ जागेतून घेते. ट्रॅक्टर मात्र रोटाव्हेटरने उडवलेल्या मातीत किंवा मळणी यंत्राच्या भुसकटात उभा असतो. प्रयोगशाळेत फिल्टर तपासताना एक घनमीटर हवेत एक ग्रॅम धूळ मिसळतात. शेतात रोज एवढी धूळ नसते. पण हाच आकडा धरला तर आठ तासांत जवळपास एक किलो धूळ फिल्टरच्या तोंडाशी येते. फिल्टरने शंभरातले ९९ भाग अडवले, तरी नऊ-दहा ग्रॅम आत जातात. ९९.९ भाग अडवले तर एक ग्रॅमही जात नाही. कागदावर एका टक्क्याहूनही कमी दिसणारा हा फरक इंजिनाच्या दृष्टीने दहापट आहे.

आत गेलेली धूळ करते काय? मातीतले वाळूचे बारीक कण लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतात. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो तो अवघ्या काही मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सर्वांत घातक कण असतात ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. ते ऑइलमध्ये मिसळून कानसेसारखे काम करतात. मग इंजिन ऑइल पिऊ लागते, दाब घटतो आणि ऐन हंगामात पिस्टन-लायनरचा खर्च उभा राहतो.

म्हणून फिल्टर घेताना ‘बसतो ना?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. आत कागद किती आहे, हे महत्त्वाचे. समजा, कागदाला १०० घड्या आहेत, प्रत्येक घडी तीन सेंटिमीटर खोल आणि फिल्टर ३० सेंटिमीटर उंच आहे. हा कागद उलगडला तर १.८ चौरस मीटर भरतो. तेवढ्याच आकाराच्या स्वस्त फिल्टरमध्ये ७० घड्या असतील तर कागद सव्वा चौरस मीटरच्या आसपास. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण कमी कागदातून हवा जोराने जाते आणि तेवढ्याच धुळीचा थरही जाड बसतो. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन त्या थराचा अडथळा हिशेबाने जवळपास दुप्पट होतो. मग काळा धूर येतो, ताकद कमी पडते. त्यावर फिल्टर काढूनच ट्रॅक्टर चालवण्याचा उपाय काही जण करतात. त्याने ताकद परत येते खरी, पण ती इंजिनाच्या आयुष्यातून उसनी घेतलेली असते.

मग मोठ्यात मोठा फिल्टर बसवावा का? कागदाच्या फिल्टरला मोठेपणा मानवतो. जुन्या पद्धतीच्या ऑइलच्या एअर क्लीनरला तो मानवत नाही. त्यात हवा वेगाने ऑइलवर आपटून वळते, तेव्हाच धूळ ऑइलमध्ये अडकते. भांडे प्रमाणाबाहेर मोठे असेल तर वेग मंदावतो आणि धूळ सुटून पुढे जाते. ऑइलही खुणेपर्यंतच हवे. जास्त भरले तर ते इंजिनात ओढले जाते आणि इंजिन आवरेनासे होण्याची भीती असते.

आता निगा कशी राखावी, ते थोडक्यात सांगतो. कागदी फिल्टर रोज काढून झटकू नका. धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त चांगला गाळतो, आणि प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत पडतेच. फिल्टर तुंबल्याची खूण दाखवणारा दर्शक असेल तर त्यावर विश्वास ठेवा. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो २५ इंच पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ झाली की लाल होतो. हवा मारायचीच तर हलक्या दाबाने, आतून बाहेर. फिल्टर टायरवर आपटू नका. आतला छोटा सुरक्षा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

आणि शेवटची गोष्ट. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप दर आठवड्याला बोटांनी चाचपून पाहा. त्याला चीर गेली असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते. मग फिल्टर कितीही महागाचा असला तरी उपयोग नाही. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)