गॅलरीपासून शिशुवर्गापर्यंत



शिशुशिक्षणात ज्या प्रक्रियेला 'रुळणे' असे साधे, घरगुती नाव आहे तिच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात : घरच्या माणसापासून काही तास दूर राहता येणे, अनोळखी मोठ्या माणसाकडे मदत मागता येणे आणि वीस-पंचवीस समवयस्कांच्या गलक्यात स्वतःची जागा सापडणे. या तिन्ही गोष्टी एका दमात साधत नाहीत, हे वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंना पक्के ठाऊक असते. शाळेच्या कारभाराचा हिशेब मात्र सोपा असतो. रडणे थांबले की मूल रुळले, अशी नोंद तेथे होते आणि विषय बंद होतो. प्रस्तुत भाषणाचा रोख या नोंदीवर आहे, कारण तिच्यात रुळण्याचे सारे काम अडीच-तीन वर्षांच्या मुलावर सोपवलेले असते आणि शाळेने स्वतः किती हलायचे हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न शिशुशिक्षणाच्या या परिषदेत, दादरमध्ये विचारला जात असल्याने त्याला एक स्थानिक इतिहास आहे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत अनेक वर्षे काम केले, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाची धुरा वाहिली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहाराचे काम सुरू केले. छडी, घोकंपट्टी आणि मांडी घालून गप्प बसणे हीच शाळेची खूण मानणाऱ्या त्या काळात तीन वर्षांच्या मुलाला वर्गात मोकळेपणी हिंडू देणारी, त्याच्या उंचीच्या फळीवर साधने मांडणारी शाळा मध्यमवर्गीय मराठी वस्तीत उभी राहणे ही लहान घटना नव्हती. तरीही या परिषदेच्या विषयाच्या दृष्टीने ताराबाईंच्या कार्याचा अधिक मोलाचा भाग दादरमध्ये घडला नाही. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा गावातील दलित व गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. त्यांना आणण्यासाठी आर्जव करणे, खाऊ देणे, दटावणे हे नेहमीचे मार्ग होते. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणातही गेली आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचवला खरा, परंतु त्यामागची दिशा, म्हणजे आधी शाळेने मुलाच्या ओळखीच्या जागेपर्यंत चालत जायचे आणि मग मुलाला आपल्याकडे आणायचे, ही शहरातल्या शिशुवर्गांत उतरलेली नाही.

मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्तीला, म्हणजे गिरणगावाला, अंगणच नव्हते, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. परळ-लालबागच्या चाळींतील गॅलरी हेच तेथले अंगण होते. बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपत, तेव्हा मुलाचा दिवस अपरिहार्यपणे दाराबाहेर जाई. समोरच्या खोलीतील काकूंच्या हातून भात खाणे, शेजारच्या आजीच्या मांडीवर झोपणे, सामाईक नळावरच्या रांगेत मोठ्या मुलीच्या कडेवर उभे राहणे यांतून आईखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसावर विसंबण्याचा सराव होत असे, आणि तोही आई हाकेच्या अंतरावर असताना. मानसशास्त्रात आसक्तीबंध म्हणून जी संज्ञा आहे, म्हणजे मूल ज्या व्यक्तीच्या आधारावर जग धुंडाळायला धजते तिच्याशी असलेले त्याचे नाते, तो बंध न तोडता लांबवण्याची सोय या गॅलरीने केलेली होती. महापालिकेच्या शाळेत पहिलीला बसणारे गिरणगावातील मूल एकटे जात नसे. मजल्यावरची चार-पाच भावंडे, सख्खी-चुलत-शेजारची, त्याच्या पुढेमागे असत.

या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचे मात्र कारण नाही. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना पाळीभर गप्प ठेवण्यासाठी अफूची बाळागोळी दिली जात असे, हे १९२० च्या दशकातील पाहण्यांत नोंदलेले आहे. शांत मूल म्हणजे सुखी मूल, हा समज किती महाग पडू शकतो याचे याहून कठोर उदाहरण या शहरात सापडणार नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. पण तोवर गिरण्यांतील बायकांची संख्याच रोडावत चालली होती, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तर गिरण्यांचे भोंगेही थांबत गेले.

आता गॅलरीही चालली आहे. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-न्हाणीघराचे घर मिळते, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक संडासापुढे रांग लावली त्यांना त्याबद्दल कोणी खेद शिकवू नये. बदल इतकाच, की चाळिसाव्या मजल्यावरील बंद दारामागे वाढणाऱ्या मुलाने शाळेत येईपर्यंत आई, वडील, एखादी आजी आणि मोबाइलचा पडदा यांखेरीज कोणावर विसंबून पाहिलेलेच नसते. पूर्वी गॅलरी जे दोन वर्षांत, नकळत आणि फुकट करीत असे, ते शाळेला जूनच्या दोन आठवड्यांत उरकायचे असते. अलीकडे मुले फार रडवी झाली आहेत, ही शिक्षकखोलीतील तक्रार या दृष्टीने तपासावी लागते.

वयाच्या प्रश्नाकडेही येथे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात शालेय प्रवेशासाठी ३१ डिसेंबर हा मानीव दिनांक आहे, म्हणजे त्या तारखेला तीन वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला जूनमध्ये नर्सरीत प्रवेश मिळतो. याचा सरळ अर्थ असा, की १५ जूनला वर्गात बसणारे सर्वांत लहान मूल दोन वर्षे साडेपाच महिन्यांचे असते, आणि शेजारच्या पाटावरील मूल त्याच्याहून वर्षाने मोठे, म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्याच्या दोन-पंचमांश इतके अधिक जगलेले असू शकते. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी दहांमागे एक मोठे माणूस असावे असे सुचवले आहे. जूनच्या नर्सरीतील अनेक मुले दुसऱ्या गटातील असूनही त्यांची गणना पहिल्यात होते, तीही फार तर. पूर्वप्राथमिक वर्गांना शासनाचे वेतन-अनुदान नसल्याने दुसऱ्या शिक्षिकेचा पगार कोठून काढायचा, हे कोडे संस्थाचालकांपुढे खरोखरच असते, आणि जिच्या हाती सर्वांत नाजूक काम तिलाच शाळेत सर्वांत कमी पगार, ही लाजिरवाणी रीत त्यातून टिकून राहिली आहे.

रुळत नसलेले मूल नेहमी रडतेच असे नाही. वर्गात येऊन दोन तास झाले तरी पाठीवरचे दप्तर उतरवू न देणारी मुलगी प्रत्येक शिशुवर्गाने पाहिलेली आहे. ती रडत नाही, त्रास देत नाही, गाण्याच्या वेळी ओठही हलवते. फक्त दप्तराचे दोन्ही पट्टे मुठीत घट्ट धरून दाराच्या बाजूला बसते, कारण दप्तर उतरवणे म्हणजे येथे राहण्याला होकार देणे हे तिने स्वतःपुरते ठरवलेले असते. डबा उघडला जातो, पण पोळीचा तुकडा तोंडात तसाच फिरत राहतो. वॉटरबॅग भरलेली घरी परत जाते, कारण पाणी प्यायले तर शूला जावे लागेल आणि तेथली मोरी घरच्यासारखी नाही. १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका मुलीवर लघुपट केला होता. ती फारशी रडली नाही, म्हणून कर्मचाऱ्यांना ती मजेत वाटली. कॅमेऱ्याने मात्र तिचे आक्रसत जाणे टिपले, आणि जॉन बोल्बी यांच्या आसक्तीबंधाच्या मांडणीला त्यातून मोठे बळ मिळाले. त्या मुलीचे वय होते दोन वर्षे पाच महिने, म्हणजे आपल्या मानीव दिनांकाने जूनच्या वर्गात बसवलेल्या सर्वांत लहान मुलाइतकेच.

जर्मनीतील बर्लिन प्रारूप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासोबत वर्गातच बसतात आणि त्या काळात ताटातूट करून पाहिलीही जात नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन काही मिनिटांपुरते बाहेर जातात, आणि शिक्षिकेने समजावल्यावर मूल शांत होते की नाही यावर पुढची गती ठरते. ही पद्धत जशीच्या तशी परळमध्ये उचलून आणता येणार नाही, कारण आईला आठवडाभर रजा मिळणे हीच येथे चैन आहे. पण तिचा गाभा स्वस्त आहे. वर्गाचे तीन गट करून पहिल्या आठवड्यात एका वेळी आठ-दहा मुलांनाच बोलावणे, आई नसेल तर आजी-आजोबांना वर्गाच्या कोपऱ्यात पाटावर बसू देणे आणि पालकाने मुलाची नजर चुकवून सटकण्याऐवजी सांगून जाणे, एवढ्याला वेगळे अनुदान लागत नाही. सटकण्याच्या युक्तीचा आग्रह पुष्कळदा शाळाच धरते. त्या युक्तीने त्या सकाळचे रडणे वाचते, पण मूल त्यातून शिकते ते एवढेच, की पाठ वळवली की आई नाहीशी होते, आणि मग ते घरीही आईची पाठ सोडीत नाही. शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या कट्ट्यावर ठाण मांडून बसणाऱ्या आज्यांची थट्टा करण्यापेक्षा त्यांतील दोघी-तिघींना आत घेतले, तर वर्गाला नसलेली गॅलरी आयती मिळेल.

राज्याने २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने घेतलेले शाळापूर्व तयारी मेळावे आणि मातांचे गट या दिशेचेच आहेत, परंतु त्यांचे लक्ष पहिलीच्या उंबरठ्यावर आहे आणि दक्षिण-मध्य मुंबईतील बहुसंख्य मुलांची खरी ताटातूट त्याआधी तीन वर्षे होऊन गेलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश निघाला, तोही योग्यच. दोन पाळ्यांत चालणाऱ्या गिरगाव-दादरच्या इमारतींत तो बसवताना मुख्याध्यापकांची ओढाताण होते हे खरे असले, तरी अर्धवट झोपेतून उठवून व्हॅनमध्ये कोंबलेले मूल रुळावे अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

भाषेविषयी थोडक्यात. कोकणातून आलेल्या घरातील मूल 'माका पाणी व्हया' म्हणते तेव्हा बाईंनी हसून दुरुस्ती करायची नसते, पाणी द्यायचे असते. दुरुस्ती दिवाळीनंतरही होते. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तर अनोळखी माणूस, अनोळखी जागा आणि अनोळखी बोली हे तिन्ही एकाच सकाळी येतात. माध्यमाचा वाद या व्यासपीठावर नको. पहिली तिमाही मुलाची घरची बोली बोलणारे एक तरी माणूस, बाई नाहीतर मावशी, त्या वर्गात असावे, एवढी मागणी कोणत्याही माध्यमाला परवडणारी आहे. शूसाठी मूल घरी कोणता शब्द वापरते, हे प्रवेश अर्जात विचारले जात नाही, वडिलांचे वार्षिक उत्पन्न विचारले जाते.

शेवटी वेळापत्रकाचा मुद्दा. रुळण्याचा काळ जूनच्या अखेरीस संपतो, असे शाळा धरून चालतात. या भागातील वर्षाचा क्रम मात्र निराळा आहे. जुलैत हिंदमाता चौकात पाणी तुंबले की परळ-दादरच्या शाळांतील हजेरी तुटते. गणपतीला निम्मा वर्ग कोकणात गावी जातो आणि लालबागमध्ये उरलेल्या अर्ध्यांना गर्दीतून शाळेपर्यंत पोहोचता येत नाही. मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. तीन आठवडे आई-आजीच्या सहवासात काढलेले मूल शाळा पुन्हा उघडते त्या सकाळी फाटकाशी जूनपेक्षाही मोठ्याने रडते. त्या दिवशी गट केलेले नसतात, आजीला आत येऊ देत नाहीत, आणि फळ्यावर नव्या धड्याची तारीख लिहिलेली असते. दुपारच्या सत्रात वार्षिक नियोजनाचा जो नमुना चर्चेला येणार आहे, त्यात दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी निदान तीन अर्ध्या दिवसांची शाळा ठेवावी आणि जूनमधील गट पुन्हा तसेच पाडावेत, अशी सूचना अध्यक्षस्थानावरून परिषदेपुढे ठेवण्यात येत आहे.