आधी लेखी, मग कोडिंग

गारगोटीत घरी बसून पुण्या-मुंबईचं सॉफ्टवेअरचं काम करता येतं.
इथल्या मौनी विद्यापीठात शिकलेल्या मुलांना हे सांगायला नको.

पैसे मात्र अडकतात.
कारण सगळं फोनवर ठरलेलं असतं.

म्हणून कोटेशन लेखी द्या.
काय करणार, ते लिहा.
काय करणार नाही, तेही लिहा.
‘एवढं एक बटण वाढवा की’ म्हणत काम दुप्पट होतं, हो!

करारात विसार किती, उरलेले पैसे कधी, ते हवं.
आणि कोडचा हक्क?
तुम्ही नोकर नसाल आणि लेखी करार नसेल,
तर कॉपीराइट कायद्यानं तो सहसा तुमचाच.
तेव्हा लिहा :
पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क देईन.

काम पोचलं, की त्याच दिवशी बिल पाठवा.

आता उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योजक म्हणून सरकारकडे नोंद.
ती काम घेण्याआधीच करा.
लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानं अशा लघुउद्योजकाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेच लागतात.
उशीर झाला, तर व्याजासकट.

पुन्हा सांगते :
नोंदणी आधी, कोटेशन लेखी.

ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते.
तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.