शाळेचे छप्पर आणि ग्रंथालयाचे कर्तव्य



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी प्राथमिक शाळेच्या इमारतीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु वाचक ग्रंथालयात जन्मत नाही. तो गावच्या शाळेत घडतो. त्या शाळेचे छप्पर गळत असेल, तर त्याची ओल आज ना उद्या ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोहोचतेच.

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेला. नव्या काबिजादींतील या मुलखात मराठी शिक्षण जगवले ते समाजाने. देवळाचा सभामंडप, अग्रशाळा किंवा एखाद्या घराची ओसरी हीच शाळा, आणि शेणैमाम हाच तिचा सारा सरंजाम. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंवरील निर्बंध सैल झाले व अशा शाळा वाढल्या.

१९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर चित्र पालटले. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या. शापोरा नदीच्या मुखाशी वसलेल्या मोरजीसारख्या शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या गावांना त्या काळात शाळा दाराशी येण्याचे मोल फार मोठे होते.

शाळा म्हणजे केवळ शिक्षक नव्हे, हे पुढे देशानेही मान्य केले. १९८७ च्या ‘खडू-फळा’ योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचे ठरवले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, क्रीडांगण, कुंपण आणि अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश या गोष्टी बंधनकारक केल्या. यांतील एकही चैनीची नाही. स्वच्छतागृह नसेल तर मुलगी दिवसभर पाणी पिणे टाळते. पावसाळ्यापूर्वी कौलांची शाकारणी चुकली, तर वासे कुजतात, चिऱ्याच्या भिंती ओल धरतात आणि ऐन जूनमध्ये, शाळा भरत असतानाच, वर्गाचा एक कोपरा मुलांसाठी बंद होतो.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. २०११ साली गोवा सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याआधीपासूनच ओसरू लागलेला मराठी सरकारी शाळांचा पट पुढेही घटत राहिला. कित्येक शाळा बंद पडल्या. पट कमी म्हणून दुरुस्ती लांबते आणि दुरुस्ती लांबली म्हणून पालक दुसरी शाळा शोधतात, असे हे दुष्टचक्र आहे. यात मागे राहतात ती वाहन नसलेल्या कुटुंबांची आणि पोटासाठी परप्रांतांतून आलेल्या मजुरांची मुले. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे केंद्राचे २०१० चे नमुना नियम सांगतात, ते अशाच मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. म्हणून पट कमी हे शाळा दुर्लक्षिण्याचे कारण होऊ शकत नाही. चार मुले असली, तरी त्या चौघांच्या डोक्यावर छप्पर हवेच.

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. शतायुषी संस्थेला हे सहज साधण्यासारखे आहे: जवळच्या शाळेला बालवाङ्मयाची एक पेटी द्यावी, ती दर दोन महिन्यांनी बदलावी, आठवड्यातून एक तास सभासदाने मुलांना वाचून दाखवावे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. अर्ज लिहिण्यात, नियम समजावण्यात, मे महिन्यापूर्वी शाकारणीची मागणी नोंदवण्यात या पालकांना जाणत्या वाचकाचा हात मिळाला, तर कागदावरचा हक्क भिंतींवर दिसू लागेल.

पूर्वजांनी देवळाच्या मंडपात मुले बसवून अक्षरे राखली. आज इमारती उभ्या आहेत. त्या रिकाम्या होऊ न देणे, हे त्यांच्या वारसदारांचे काम आहे.